संगणकाचे जाळे अडते तेव्हा : दोषी नव्हे, कारण शोधा

आपल्या वस्त्यांमधील अनेक मुले-मुली आज निरनिराळ्या कार्यालयांतून संगणकाची कामे करीत आहेत. कोणी डेटा भरतो, कोणी केबल ओढतो, कोणी सर्व्हरची देखभाल पाहतो. घरी आई-वडील विचारतात, "बाळा, तू नेमके करतोस तरी काय?" मुलगा म्हणतो, "नेटवर्क बघतो." आई मान डोलावते, पण तिला काही उमगत नाही. गिरणीत काम करणाऱ्या बापाचे काम मुलाला कळत होते. कारण हाताला सूत लागत होते, कानात साच्यांचा आवाज होता. मुलाचे काम मात्र बापाला कळत नाही. म्हणून हे काम काय असते आणि त्यात माणसाची परीक्षा कशी होते, ते आज सांगावे असे वाटले. त्यासाठी आमच्याच कार्यालयात घडलेली एक हकिगत सांगतो. तीत एका कंत्राटी मुलाची नोकरी जाता जाता राहिली आणि माझी एक चूक उघडी पडली.

अकरा वाजले की काम बंद

आमचे कार्यालय साठ संगणकांचे. एका कोपऱ्यातील खोलीत सर्व्हर ठेवलेला. सर्व्हर म्हणजे कार्यालयाचे सामाईक कपाटच समजा. सगळ्यांच्या फायली, हिशेब, बिले त्यात. प्रत्येक टेबलावरून एक केबल निघते आणि 'स्विच' नावाच्या पेटीत जाते. तिथून एकच केबल सर्व्हरकडे जाते. कोणीही फाईल उघडली की ती त्या केबलने येते.

एके दिवसापासून असे होऊ लागले की, सकाळी दहाला काम सुरळीत सुरू होई आणि अकरा वाजले की सगळे अडे. फाईल उघडायला पाच-पाच मिनिटे. बिल छापायला दिले की छपाई यंत्र गप्प. चार वाजले की पुन्हा सारे ठीक. पंधरा दिवस हा प्रकार चालला. हिशेब खात्यातल्या बाई रडकुंडीला आल्या. कोणी म्हणाले, सर्व्हर म्हातारा झाला, नवा घ्या. कोणी म्हणाले, व्हायरस शिरला. एकाने तर खंडेनवमीला सर्व्हरला हार घालायचा राहिला म्हणून नजर लागली असेही सांगितले, आणि ते सगळेच थट्टेने बोलत होते असे नाही.

शेवटी बोट एका माणसाकडे वळले. आमच्याकडे कंत्राटदाराने पाठवलेला एक मुलगा आहे. शिडीवर चढून केबल ओढणे, छपाई यंत्राची शाई बदलणे, तक्रार आली की धावत जाणे ही त्याची कामे. आई चार घरची धुणीभांडी करते. आयटीआय करून तो या कामाला लागला. त्याच्या हातात जेवणाच्या सुट्टीत मोबाईल दिसला होता. तेवढ्यावरून साहेबांच्या खोलीत ठरले की, हाच कार्यालयाच्या वाय-फायवर व्हिडिओ बघतो आणि नेट खातो. एक गृहस्थ हळूच म्हणाले, "सवलतीवाल्यांना घेतले की असेच व्हायचे." कंत्राटी कामाला कसली आली सवलत! पण शब्द बोलून गेले. कंत्राटदाराला पत्र टाईप होऊ लागले की, या मुलाला सोमवारपासून पाठवू नये.

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. कारण सापडले नाही तर पत्र पाठवा."

साहेब म्हणाले, "अहो, कारण समोर दिसतंय की!"

मी म्हणालो, "जे दिसतंय ते माणूस आहे, साहेब. कारण अजून कोणी पाहिलेलं नाही."

प्रथम प्रश्न, मग यंत्र

नेटवर्कचा बिघाड शोधताना पहिले हत्यार म्हणजे वही आणि पेन. चार प्रश्न विचारायचे. त्रास कधीपासून आहे? कोणाकोणाला आहे? दिवसातल्या कोणत्या वेळी होतो? आणि त्रास सुरू होण्यापूर्वी काय बदलले? या चार प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर अर्धा बिघाड तिथेच सापडतो.

मी त्या मुलाला बोलावले. तो दारातच उभा राहिला. मी म्हणालो, "अरे, आत ये. तक्रारी कधी कधी आल्या, आठवतंय का?" त्याने खिशातून एक चाळीस पानी वही काढली. तारीख, वेळ, टेबल, तक्रार, काय केले, असे पाच रकाने आखलेले. पंधरा दिवसांतली प्रत्येक तक्रार त्यात होती. सगळ्या अकरा ते चार या वेळेतल्या.

मी विचारले, "हे आधी कोणाला दाखवलं नाहीस?"

तो म्हणाला, "काका, कोणी विचारलंच नाही."

त्या वहीच्या आधारे दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक तर वेळ ठरलेली होती. माणसाचे व्हिडिओ बघणे घड्याळाच्या काट्यावर अकराला सुरू होऊन चारला थांबत नाही. दुसरे असे की, मधल्या एका मंगळवारी वहीत काहीच नव्हते, कारण त्या दिवशी मुलगा रजेवर होता. पण हिशेबाच्या बाईंनी 'आजही बिले अडली' असे लेखी कळवले होते, त्यावर तारीख त्याच मंगळवारची. म्हणजे मुलगा कार्यालयात नसतानाही जाळे अडलेच होते.

इथेच पत्र फाडता आले असते. पण निर्दोष सिद्ध करणे हे अर्धेच काम. खरे कारण सापडले नाही तर आज हा सुटेल आणि उद्या दुसऱ्या कोणावर बोट जाईल.

हाक मारून पाहणे

संगणक एकमेकांशी बोलतात ते अखंड धारेने नव्हे, तर लहान लहान पाकिटांनी. कार्यालयातील केबलवरून एका पाकिटात साधारण दीड हजार अक्षरांइतका मजकूर जातो. दहा एमबीचा एक फोटो पाठवायचा तर सुमारे सात हजार पाकिटे होतात. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. टपालखात्यासारखेच. पाकीट हरवले तर ते पुन्हा पाठवले जाते.

ही पाकिटे पोहोचतात की नाही, हे पाहण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे 'पिंग'. अमेरिकेतील माईक मूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव दिले. समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. हे साधन जवळजवळ प्रत्येक संगणकात असते, त्याला पैसे पडत नाहीत. आपल्या मुलांनी घरच्या जुन्या संगणकावरही ते चालवून पाहावे.

हाका क्रमाने मारायच्या असतात. आधी स्वतःच्याच यंत्राला, मग कार्यालयाच्या दारावरच्या राऊटरला, मग सर्व्हरला, मग बाहेरच्या जगाला. ज्या पायरीवर ओ उशिरा येते तिथे बिघाड जवळ आहे असे समजावे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मी आणि तो मुलगा दहा वाजल्यापासून बसलो. दहाला सर्व्हरची ओ एका मिलिसेकंदाच्या आत येत होती. म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. अकरा वाजून पाच मिनिटांनी तीच ओ ऐंशी, एकशेवीस मिलिसेकंदांनी येऊ लागली. मधूनच एखादी हाक वाया गेली. पण त्याच वेळी राऊटरची ओ एका मिलिसेकंदात! बाहेरची संकेतस्थळेही झटक्यात उघडत होती.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. मोबाईलवरचा व्हिडिओ येतो कुठून? बाहेरच्या इंटरनेटवरून, राऊटरमार्गे. तो रस्ता तर मोकळा होता. अडला होता तो सर्व्हरकडे जाणारा रस्ता. व्हिडिओ पाहिलाच असता तरी तो या केबलवरून गेलाच नसता. पंधरा दिवस ज्या आरोपावर चर्चा चालली, तो आरोप दोन हाकांत गळून पडला. कोणी हाक मारून पाहिली नव्हती, एवढेच.

दोन कारणे, एक त्रास

आता सर्व्हरच्या खोलीत गेलो. यंत्राचे तीन अवयव पाहायचे असतात. विचार करणारा भाग किती थकला आहे, स्मरणशक्ती किती भरली आहे आणि जाळ्याची वाहतूक किती आहे. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडले की हे तिन्ही दिसते. आमच्या सर्व्हरचा मेंदू निवांत होता. स्मरणशक्ती अर्धी रिकामी होती. म्हणजे 'सर्व्हर म्हातारा झाला' हेही खोटे ठरले. नवा सर्व्हर घेतला असता तर लाख-दीड लाख रुपये खर्च होऊन त्रास तसाच राहिला असता. वाहतुकीची रेघ मात्र माथ्याला टेकून सरळ चालली होती. रस्ता काठोकाठ भरलेला.

आणि रस्त्याची रुंदी? ती पाहिली तर १०० एमबीपीएस. वास्तविक आमची केबल आणि स्विच १००० एमबीपीएसचे. रस्ता दहा पटीने अरुंद झाला होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

केबलच्या आत तांब्याच्या आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १००० च्या वेगाला चारही जोड्या लागतात. १०० च्या वेगाला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली तर पुष्कळ यंत्रे बंद पडत नाहीत, मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात. लंगडत चालतात, पण चालतात, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. मुलाने खाली वाकून बॅटरी मारली. रंगकामासाठी लोखंडी कपाट सरकवले होते, त्याचा पाय थेट केबलवर! त्याच्या वहीत रंगकामाची तारीखही होती, तक्रारी सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवसाची.

पण केबल चिरडली तर त्रास दिवसभर हवा. अकरालाच का? रस्ता भरत होता तो कोणत्या मालाने? विंडोजमधल्या 'रिसोर्स मॉनिटर'ने उत्तर दिले. सर्व्हर स्वतःच सारी माहिती दुसऱ्या एका साठवणपेटीत उतरवत होता. यालाच बॅकअप म्हणतात. उद्या सर्व्हर जळाला तरी माहिती वाचावी म्हणून रोज एक प्रत काढायची. हे काम रात्री अकराला व्हायचे. वेळापत्रक उघडले. तिथे होते सकाळचे अकरा.

हिशेब मांडून पाहा. माहिती सुमारे २०० जीबी. १००० च्या रस्त्याने ती अर्ध्या-पाऊण तासात जाते. १०० च्या रस्त्याने नुसत्या गणिताने साडेचार तास लागतात. त्यात साठ माणसांची ये-जा धरली की पाच. अकरा अधिक पाच, चार वाजले. मुलाच्या वहीतला प्रत्येक आकडा जुळला.

आणि ते वेळापत्रक भरले कोणी? पंधरा दिवसांपूर्वी वीज गेली होती. सर्व्हर पुन्हा सुरू करताना बॅकअपची नोंद नव्याने करावी लागली. ती मी केली होती. घाईत 'पीएम'च्या जागी 'एएम' राहिले. चूक माझ्या हातची होती.

खरे सांगतो, त्या खोलीत एक विचार मनात येऊन गेला. वेळ गुपचूप बदलावी, सगळा दोष कपाटावर टाकावा, मुलगाही सुटेल आणि मीही. मुलगा शेजारी उभा होता. त्याने पडद्यावरची वेळ वाचली होती. तो काही बोलला नाही. पंधरा दिवस जो माणूस न केलेल्या चुकीचे ओझे वाहत होता, त्याच्यासमोर मी केलेली चूक लपवायची, मग रविवारी विहारात पंचशील कोणत्या तोंडाने म्हणायचे?

एका वेळी एकच बदल

त्या संध्याकाळी आम्ही फक्त केबल बदलली. वेळापत्रकाला हात लावला नाही. याला कारण आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही. शुक्रवारी सकाळी साहेबांना सर्व्हरच्या खोलीत बोलावले. अकरा वाजले. ओ पुन्हा लांबली. पण पाऊण तासात सगळे मोकळे झाले. मग साहेबांच्या देखत वेळ रात्री अकराची केली. सोमवारी अकरा वाजून गेले तरी कोणाच्या लक्षात आले नाही. नेटवर्कवाल्याचे काम चांगले झाले की असेच होते.

नुसत्या चुकलेल्या वेळेने पाऊण तासाचा त्रास झाला असता. नुसत्या चिरडलेल्या केबलने थोडी कुरकुर झाली असती. दोन्ही एकत्र आल्या म्हणून कार्यालय पाच-पाच तास ठप्प झाले. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव याहून वेगळा काय आहे? काहीही आपोआप घडत नाही, दैवाने घडत नाही, नजर लागून घडत नाही. एक असले की दुसरे होते. पहिले नाहीसे केले की दुसरेही जाते. आणि पुष्कळदा कारण एक नसते, अनेक असतात.

मी साहेबांना लेखी दिले की, बॅकअपची वेळ माझ्याकडून चुकली. मला मेमो मिळाला. तो माझ्या फाईलमध्ये आहे. मुलाविषयीचे पत्र गेले नाही. ते गृहस्थ अजून त्याच टेबलावर बसतात. त्यांनी त्याची माफी मागितली नाही. पण छपाई यंत्र अडले की आता त्यालाच हाक मारतात, आणि नावाने मारतात.

मोठ्यांच्या घरीही हेच

कोणी म्हणेल, ही आपल्याकडची गलथान व्यवस्था. तसे नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचे संगणकजाळे कोसळले. सुमारे चार दिवस डॉक्टर-परिचारिकांना कागदावर काम करावे लागले. निमित्त झाले एका संशोधकाच्या प्रचंड माहितीच्या वाहतुकीचे. पण शोध घेतल्यावर कळले की, वर्षानुवर्षे तुकड्याला तुकडा जोडत जाळे वाढवले होते आणि त्याची रचनाच एवढा भार पेलणारी राहिली नव्हती. त्या संशोधकाला दोष देऊन प्रकरण मिटवता आले असते. पण रुग्णालयाचे संगणकप्रमुख जॉन हलाम्का यांनी काय चुकले ते जाहीरपणे सांगितले, म्हणजे इतर रुग्णालये शहाणी होतील.

त्याहून जुनी गोष्ट १९८६ ची. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एक प्रयोगशाळा आणि एक विद्यापीठ, अंतर अवघे चारशे यार्ड. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातील जाळ्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. हजारात एक उरला म्हणा ना! व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी शोध घेतला. यंत्र कोणतेही बिघडले नव्हते. गर्दी झाली की पाकिटे हरवत. हरवली की प्रत्येक संगणक ती पुन्हा घाईने पाठवी. त्याने गर्दी आणखी वाढे.

हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. रात्र-रात्र रांगेत उभी राहतात. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक सांगतील तसे चार पावले पुढे, मग थांबा, पुन्हा चार पावले. प्रत्येकाने रेटा दिला असता तर कोणीच पोहोचले नसते. जेकबसन यांनी संगणकांना नेमके हेच शिकवले. सुरुवात बेताने करा, पुढचा मार्ग मोकळा दिसला तर वेग वाढवा, पाकीट हरवले तर समजा की पुढे गर्दी आहे आणि लगेच मागे सरा. १९८८ मध्ये त्यांनी हे शोधनिबंधात मांडले. आज जगभर चालणाऱ्या इंटरनेटच्या पायात ही शिस्त आहे.

ओळखून ठेवावीत अशी लक्षणे

या कामात असलेल्या मुला-मुलींसाठी आणखी काही नेहमीची दुखणी सांगतो.

सगळ्या कार्यालयाचे जाळे एकदम मेले आणि स्विचवरचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर कोणीतरी एका केबलची दोन्ही टोके स्विचमध्येच खोचली आहेत का ते पाहा. पाकिटे त्या वर्तुळात फिरत राहतात आणि वादळ उठते. हे वादळ टाळणारी युक्ती रेडिया पर्लमन या महिला अभियंत्याने १९८५ मध्ये काढली. मुलींच्या हाती केबल नको असे म्हणणाऱ्यांना हे नाव अवश्य सांगावे. मात्र ही सोय असलेले स्विच असले पाहिजेत आणि ती सुरू ठेवली पाहिजे.

एकाच टेबलाचे जाळे येत-जात असेल तर दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेला असण्याचा संभव असतो. एका घरात दोन माणसे एकाच नावाची असली की टपाल चुकते, तसेच. काही जणांचे चालते, काहींचे नाही आणि त्यांचे पत्तेच निराळे दिसतात, तर कोणीतरी घरचा राऊटर आणून जोडला आहे का ते शोधा. संकेतस्थळाचे नाव टाकले की उघडत नाही, पण आकडी पत्त्याला पिंग केले की ओ येते, तर रस्ता ठीक आहे, नावाचा पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे 'डीएनएस' बिघडली आहे.

एवढ्याने भागले नाही तर 'वायरशार्क' वापरावे. जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते प्रथम दुसऱ्या नावाने प्रसिद्ध केले. आजही फुकट मिळते. केबलवरून जाणारे प्रत्येक पाकीट ते दाखवते. कोण कोणाशी किती बोलतो, याची यादी मोठ्या आकड्यापासून लावली की गर्दी करणारा सापडतो. पण एक पथ्य पाळा. दुसऱ्याचे टपाल उघडण्यासारखे हे काम आहे. वरिष्ठांची लेखी परवानगी असल्याशिवाय करू नका. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे. आणि आपल्या मुलाकडे आधीच संशयाने पाहणारी नजर असते, हे विसरून चालणार नाही.

वही हीच ढाल

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आधी मत मांडून मागाहून आकडे गोळा केले नाहीत. जुने अहवाल, नोंदी, चलनाचा इतिहास तपासला आणि मग निष्कर्ष काढला. बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते की, कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून किंवा परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. ही शिकवण आपण विहारात ऐकतो. सोमवारी कामावर गेल्यावर ती विसरायची नसते. ती सर्व्हरच्या खोलीतही लागू पडते.

तेव्हा या क्षेत्रात गेलेल्या आपल्या मुला-मुलींना माझे एवढेच सांगणे आहे. रोज वही लिहा. कोणती तक्रार, किती वाजता, कोणत्या टेबलावर, आपण काय केले. बदल केला तर तोही लिहा आणि खाली सही करा. चांगल्या दिवसांतही पिंगचे आकडे टिपून ठेवा. निरोगी माणसाची नाडी ठाऊक असेल तरच ताप कळतो. साहेबांचा राग आला तरी आवाज चढवू नका, आकडा पुढे करा. आणि चूक आपली असेल तर आपणच आधी सांगा.

आई-वडिलांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरा घरी आली, चिडलेली दिसली, तर 'दिवसभर खुर्चीवर तर बसायचं असतं' असे म्हणू नका. साठ माणसांचे काम ज्या एका केबलवर लोंबकळते, ती केबल त्यांच्या हाती असते. जेवताना विचारा, "आज काय अडलं होतं? मग कारण सापडलं का?" तुम्हाला सगळे कळले नाही तरी चालेल. विचारणारे कोणीतरी आहे, हे त्यांना कळले पाहिजे.

त्या मुलाची चाळीस पानी वही भरली. साहेबांनी कार्यालयाच्या खर्चाने त्याला जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणून दिली. तिच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, माझ्या चुकीची नोंद आहे. तारीख, वेळ, कारण, उपाय. ती मीच त्याला लिहायला सांगितली.

जय भीम! नमो बुद्धाय!